चेहरा नसलेला पहिला फोटो

डेडलाइन डोक्यावर आणि मी भंडाऱ्यात! दिवाळीला आजोळी आले होते. सोबत लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांच्या इतिहासावरची अर्धवट असाइनमेंट. लिहायला बसले मामाच्या फोटो स्टुडिओत. तिथे पंखा आहे, चहा मिळतो आणि गिऱ्हाइकांचा त्रास आता फारसा नसतो.

‘‘काय पाह्यतेस वं?’’ मामा लॅपटॉपमध्ये डोकावला. स्क्रीनवर होता कोडॅकचा 1975 मधला प्रोटोटाइप, जगातला पहिला सुटसुटीत डिजिटल कॅमेरा. सुटसुटीत म्हणजे साडेतीन किलोंच्या वर!

‘‘हा तं टोस्टर दिसते!’’

चूक नव्हतं त्याचं. स्टीव्हन सॅसन नावाच्या 25 वर्षांच्या इंजिनीअरनं सुपर-8 मूव्ही कॅमेऱ्याची लेन्स, सोळा बॅटऱ्या, एक सीसीडी सेन्सर आणि चक्क कॅसेट रेकॉर्डर जोडून तो बनवला होता. रिझोल्यूशन 0.01 मेगापिक्सेल. ब्लॅक अँड व्हाइट. एक फोटो टेपवर उतरायला 23 सेकंद लागत, मग तो टीव्हीवर बघायचा. मामाला हे 23 सेकंद भलतेच आवडले. कलर रोल घेऊन तो एसटीनं नागपूरच्या लॅबला जायचा, साठेक किलोमीटर, आणि प्रिंट आणायला पुन्हा दुसरी खेप.

‘‘पहिला फोटो कोणाचा काढला त्यानं?’’

लॅबमधल्या एका मुलीचा. टीव्हीवर तिचे केस दिसले, मागची भिंत दिसली, पण चेहऱ्याच्या जागी नुसती मुंग्यांची गर्दी. बघून ती म्हणाली, अजून काम करावं लागेल! वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. त्या बदलल्यावर चेहरा आला.

मला हा किस्सा भन्नाट वाटला होता. मामा मात्र हसलाच नाही.

‘‘त्याची वायर उलटी होती. माहं तं कार्डच कोरं निघालं.’’

2006 मध्ये मामानं धानाची एक बांधी विकून डिजिटल कॅमेरा घेतला होता. पहिलीच ऑर्डर मोहाडीकडच्या लग्नाची. घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर आत काही नाही. हळद, अक्षदा, पाठवणी, सगळं गायब. पैसे परत दिले, पण लग्न परत कुठून आणणार? सवयीनं जुन्या कॅमेऱ्यातही रोल भरला होता, त्यावर ग्रुप फोटोच्या सहा फ्रेम निघाल्या. तेवढ्याच घेऊन तो मुलीच्या बापासमोर उभा राहिला. मामानं लग्नं घेणं का सोडलं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ‘मामा आळशी’ म्हणून चिडवत आले होते.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, ‘‘त्या पोराले कंपनीनं काढून टाकलं का?’’

नाही, काढलं नाही. साहेबांना एवढंच कळेना, की टीव्हीवर फोटो बघायची हौस कुणाला असेल? 1978 मध्ये पेटंट मिळालं, बाहेर मात्र बोलायची बंदी. 1989 मध्ये सॅसननं एका सहकाऱ्याबरोबर मेमरी कार्डवाला एसएलआर बनवला, तोही फिल्मचा धंदा बसेल या भीतीनं बाजारात आला नाही. पुढे 2010 मध्ये ओबामांच्या हातून त्याला पदक मिळालं. आणि 2012 च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

‘‘काढलं नाही ना? मंग बरं झालं,’’ मामा म्हणाला. कंपनीचं काय झालं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आल्या. पासपोर्ट साइज, आठ कॉपी. मामानं स्टूल सरकवलं, मुलीची वेणी पुढे घेतली, क्लिक केलं. स्क्रीनवर बघितलं. छान आला होता. ‘‘हलू नको बाई,’’ म्हणत त्यानं दुसरा काढला, मग कार्ड बदलून तिसरा.

त्या बाई गेल्यावर म्हणाला, ‘‘हेच ते मोहाडीवाले.’’