दोन्ही टोकांना उघडा

मालवणच्या चिवला बीचवर रापण ओढून झाली, मासळीची वाटणी झाली, तेव्हा मी भरतीने टाकलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्यात हात घालून बसले होते. त्यात तो मिळाला. बोटाच्या पेराहून थोडा लांब, पांढरा, किंचित वाकलेला, एका टोकाकडे निमुळता.

जाळं झटकणाऱ्या काकांनी विचारलं, "दात गावलो काय गो?"

दिसायला हुबेहूब दात. पण दाताचं टोक बंद असतं. मी रुंद बाजूने फुंकर मारली आणि बारीक टोकातून वाळूचे कण उडाले. शंखाचं टोकही बंदच असतं, त्यामुळे समुद्री गोगलगाय बाद झाली. उरली शंका एका कृमीची. चुन्याच्या नळ्या बांधणारे बहुतेक कृमी खडकाला चिकटून वेड्यावाकड्या नळ्या करतात; डिट्रुपा मात्र वाळूत सुटा राहतो आणि त्याची नळी अशीच सुळ्यासारखी असते. भिंगाखाली पाहिलं. डिट्रुपाची नळी तोंडाशी जराशी आवळलेली असते, ही कडेपर्यंत रुंदावत गेली होती. शिवाय टोकापासून तोंडापर्यंत बारीक उभ्या रेघा. म्हणजे हा मृदुकाय प्राणी, स्कॅफोपोडा वर्गातला टस्क शेल!

मला त्याचं जगणं फार विलक्षण वाटतं. टोकदार बाजू वाळूत रुतत असेल असं वाटावं, पण असतं उलटं. रुंद तोंड खाली, त्यातून बाहेर येणारा पाय वाळू खणतो. निमुळतं टोक वर, पाण्याची ये-जा तिथून. डोळे नाहीत, कल्लेही नाहीत. चिकट टोकांचे धाग्यासारखे अवयव वाळूच्या कणांमधून फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव वेचतात. प्राणी वाढतो तसं कवच रुंद तोंडाशी वाढत जातं आणि निमुळतं टोक झिजत, विरघळत जातं, नाहीतर वरचं भोक अपुरं पडेल. त्याच्या लहानपणचं कवच त्यात उरतच नाही.

चिठ्ठीवर मी वर्ग, किनारा आणि तारीख लिहिली, प्रजातीची जागा कोरी ठेवली. लाटांनी घासलेल्या रिकाम्या कवचावरून प्रजाती ठरवणं मला पटत नाही. ते कुठून वाहत आलं असेल, हेही त्यावरून सांगता येत नाही. काकांना म्हटलं, जाळ्यात असं जिवंत काही आलं तर वाळूसकट समुद्राच्या पाण्यात ठेवा.

"किती वावातला व्हया?"

कितीही खोल चालेल, म्हटलं, पण तळ वाळूचा होता का ते लक्षात ठेवा.