रिकामी सम

पहिल्या मात्रेवर बास ड्रम मारायचा नाही, तिसरीपर्यंत थांबायचं. रेगेतला हा ‘वन ड्रॉप’ बॉब मार्लीच्या वेलर्समधल्या कार्लटन बॅरेटने जगाच्या कानात बसवला. सांगायला एवढं सोपं, पण आयुष्यभर पंक वाजवलेला माझा उजवा पाय ऐकत नाही. त्यात लहानपणी तबला शिकलेलो. सम म्हणजे पहिली मात्रा, सगळ्यांनी भेटायची जागा, हे हाडात मुरलेलं. ती जागा जाणूनबुजून मोकळी सोडायची म्हटलं की पोटात खड्डा पडतो.

ही झटापट सुरू झाली ती मनगटामुळे. हाय-हॅटवर रॅमोन्सच्या टॉमी रॅमोनसारखं मात्रेला दोन, न थांबता, असं आता तीन गाण्यांपलीकडे झेपत नाही. आमच्या बँडची नवी गाणी आपसूक संथ झाली आणि मी पुन्हा क्लॅश या पंक बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमकडे वळलो.

क्लॅशने रेगेला हात घातला तो त्याआधीच. ज्युनियर मर्विनचं ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ त्यांनी 1977च्या पहिल्याच अल्बममध्ये घेतलं. तेव्हा ड्रमवर टेरी चाइम्स होता. ते गाणं मला जिवापाड आवडतं, पण त्याच्या तळाशी रॉकच आहे, प्रत्येक मात्रा ठोकून बंद केलेली. 1979च्या डिसेंबरात ‘लंडन कॉलिंग’ आला तोवर ड्रमवर टॉपर हेडन बसला होता. जाझ आणि सोल पचवून आलेला वादक. ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’मध्ये पॉल सिमोननचा बास पुढे होतो आणि हेडन त्याला वाट करून देतो. ‘जिमी जाझ’मध्ये तो लयीवर रेलून बसतो, घाई म्हणून नाही. स्का, रॉकॅबिली, सोल, रेगे सगळं त्या एकोणीस गाण्यांत मावलं, कारण खाली बसलेल्या माणसाला कुठे वाजवायचं नाही ते कळत होतं.

बँड बदलला, परिपक्व झाला असं लिहिणारे गिटार, ब्रास, शब्द यांच्याबद्दलच लिहितात. माझं मत पक्कं आहे. आवाज बदलतो तो ड्रमरपासून. रॅमोन्सवर माझी भक्ती आहे, तरी 1980च्या ‘एंड ऑफ द सेंच्युरी’साठी त्यांनी निर्माता म्हणून फिल स्पेक्टरला आणलं तेव्हा बाहेरून भिंती चढवल्या गेल्या, आतली चाल तीच राहिली. क्लॅशचा बदल आतून आला. आणि हल्लीच्या बँडांची तऱ्हा मला सोसवत नाही: क्लिकवर वाजवायचं, मग संगणकात प्रत्येक ठोका सरळ रेषेत ओढून बसवायचा, वर सिंथचा थर द्यायचा आणि नवं वळण म्हणून मिरवायचं. ‘लंडन कॉलिंग’च्या आधीच्या अल्बमचा निर्माता सँडी पर्लमन हेडनला ‘मानवी ड्रम मशीन’ म्हणायचा, इतका तो लयीला पक्का. त्याच हेडनच्या ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’मध्ये लय वाढत गेली. त्याला ते खटकलं, पण निर्माता गाय स्टीव्हन्सने तोच टेक ठेवला. तो ठेवला नसता तर गाण्यातलं रक्तच गेलं असतं.

परवा एक विद्यार्थिनी सरावाला बसली होती. कधी तबला शिकलेली नाही. तिने डाव्या हाताची स्टिक स्नेअरच्या कडेवर आडवी टेकवली, पहिली मात्रा गेली, ती हलली नाही. तिसऱ्या मात्रेला पाय आणि स्टिक एकदम पडले, आणि बासवाला आपोआप मान डोलवायला लागला. “सर, पहिल्या मात्रेला मी मनात श्वास घेते,” ती म्हणाली. मला तिचा हेवा वाटला, अगदी उघड हेवा. आनंद नंतर झाला.

मीही आता श्वास घेऊन बघतो. चार आवर्तनं निभतात, पाचव्याला पाय निसटतो. यामागे अहंकार आहे हे मला ठाऊक आहे. सगळी उमर मी समेवर जोरात पडलो, कारण तिथे लोक ड्रमरकडे बघतात. जोर हीच माझी ओळख होती. मनगट गेलं तरी ती भूक गेलेली नाही, फक्त तिने जागा बदलली. नव्या अल्बममध्ये एका तरी गाण्यात ती पहिली मात्रा अख्खं गाणंभर मोकळी ठेवायची आहे, आणि ऐकणाऱ्याने विचारावं असं वाटतं की ड्रमवर कोण आहे.