ताटाखाली काय असावे?

छत्रपती संभाजीनगरचे जुने शहर पाहावयाचे असेल तर ते सकाळी, दुकाने उघडण्याच्या वेळी पाहावे. पैठण गेटकडून गुलमंडीच्या दिशेने चालू लागले की शटर वर सरकल्याचे आवाज येतात, कोणी उंबऱ्यावर पाणी शिंपडत असतो, कोणी गादीवर बसण्यापूर्वी हात जोडून उभा असतो. बँकेच्या नोकरीत असताना याच रस्त्याने मी वर्षानुवर्षे गेलो. पण तेव्हा नजर घड्याळावर असे. निवृत्तीनंतर हे शहर खऱ्या अर्थाने पायाखाली आले. गेल्या हिवाळ्यात याच रस्त्याने मी एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या खरेदीसाठी निघालो होतो. जेवणाच्या टेबलावर ताटाखाली घालावयाच्या सहा मॅट घ्यावयाच्या होत्या. त्या सहा मॅटनी आमच्या घराला दोन महिने विचार करावयास लावला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण असा प्रसंग आज आपल्या पुष्कळ घरांत येत असावा.

आमच्या घरात डायनिंग टेबल उशिरा आले. आजोबांच्या काळापासून जेवण जमिनीवर, बाजोटावर. मराठी घरांत ताटाखाली अडणी असे, आमच्याकडे बाजोट. हेतू एकच, अन्न जमिनीच्या वर राहावे आणि जेवणाऱ्याला फार वाकावे लागू नये. पुढे आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि तिला खाली बसणे अशक्य झाले. त्याच सुमारास जुना वाडा उतरविला गेला. वाड्याच्या दाराच्या सागवानी फळ्या मी जपून ठेवल्या होत्या; त्यांतून सुताराने सहा जणांचे टेबल करून दिले. आरशासारखे चकचकीत पॉलिश झाले. ज्या दारातून आई नववधू म्हणून आत आली, त्याच लाकडावर ती आता जेवणार, याचे आम्हा सर्वांना अप्रूप होते.

पंधरा दिवसांत त्या पॉलिशवर कढीच्या गरम पातेल्याचे पांढरे वर्तुळ उमटले. सूनबाई पुण्याची, टापटिपीची. तिला फार वाईट वाटले. तिने दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकच्या सहा सुंदर मॅट आणल्या. टेबल शोभू लागले, वर्तुळ झाकले गेले आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी धरून चाललो.

एके दिवशी सकाळी आईने आपल्या जागेची मॅट उचलली. खाली मुंग्यांची रांग होती. आदल्या दिवशी वरणाचा थेंब मॅटच्या कडेखाली गेला होता. वरून फडके फिरले, खालचे कोणाला दिसले नाही. काही मुंग्या मॅटखाली चिरडल्या गेल्या होत्या. आई काही बोलली नाही. त्या दिवसापासून मात्र ती आपले ताट स्वतःच्या खोलीत मागवू लागली. पलंगाशेजारच्या स्टुलावर, सूर्यास्तापूर्वी, एकटीच जेवू लागली. सूनबाईला वाटले, आजी आपल्यावर रागावल्या. आईला वाटत होते, नव्या मुलीला बोलून दुखवू नये. ज्या टेबलाने घर एकत्र बसावे म्हणून आम्ही ते केले, त्याच्याभोवती एक खुर्ची रिकामी राहू लागली.

आपल्याकडे ताट धुऊन पिण्याची रीत आहे. तिच्यामागे केवळ अन्न वाया जाऊ नये एवढाच हेतू नाही. उष्ट्या अन्नपाण्यात एका मुहूर्ताच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे आपले शास्त्र सांगते. म्हणून उष्टे मागे ठेवावयाचे नाही. आई लहानपणापासून ताटातला शेवटचा कणही पाण्याबरोबर पिऊन टाकीत आली आहे. तिने ताट एवढे निर्मळ करावे आणि त्याच ताटाखाली उष्ट्याचा थेंब रात्रभर राहावा, ही विसंगती तिला घास गिळू देत नव्हती.

माझी पहिली समजूत अशी झाली की दोष प्लास्टिकचा आहे. चांगल्या कापडाच्या मॅट आणल्या की काम होईल. आणि कापड म्हटले की या शहरात आधी हिमरू आठवते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा उत्तरेकडून आलेल्या विणकरांबरोबर ही कला येथे आली, अशी समजूत आहे. जरीच्या किनखापासारखे दिसणारे, पण त्याहून स्वस्त असे हे वस्त्र. पुढे निजामाच्या राजवटीत शेरवान्या आणि शाली यांसाठी त्याला मोठी मागणी होती. आज माग थोडे उरले आहेत. जुन्या शहरातील एका वयस्क विणकरांकडे मी गेलो. त्यांनी शाली, चादरी, उशांचे अभ्रे असे एकेक उलगडून दाखविले. मी ताटाखाली घालण्यासाठी तुकडे मागितले तेव्हा ते हसले.

"साहेब, विकायला मला काय? पण जेवणाखाली हे घालू नका," असे म्हणून त्यांनी कापड उलटे केले. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे लोंबत होते. "यात शिते अडकतील, हळद बसेल. मग ते जायचे नाही." मी विचारले, "धागा कोणता?" ते म्हणाले, "उभा सुती, आडवा रेशमी. स्वस्त मालात आता नकली रेशीम असते."

रेशमाचे नाव निघताच मी थबकलो. अखंड धागा मिळावा म्हणून कोश उकळत्या पाण्यात टाकतात आणि आतला जीव मरतो, हे आपण जाणतो. आमच्या घरात पूजेलाही रेशीम नेसत नाहीत. मी तसे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले. निघताना सहज विचारले, "मग तुमच्याकडे जेवताना खाली काय असते?" ते म्हणाले, "दस्तरखान. सुती चादर जमिनीवर पसरतो, सगळे तिच्याभोवती बसतात. जेवण झाले की उचलायची, झटकायची, धुवायची. पसरलेली ठेवत नाही."

त्यांचे शेवटचे वाक्य तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, पण ते कानात राहिले.

परतताना औरंगपुऱ्यातून सुती मॅट घेतल्या. साध्या, जाड विणीच्या, बदामी रंगाच्या. सूनबाईने उत्साहाने मांडल्या. आई टेबलावर परत आली. मात्र अट होती की प्रत्येक जेवणानंतर मॅट धुतल्या पाहिजेत. आठवडाभर ते चालले. मग बाथरूममधली बादली बोलू लागली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की आमच्या शहरात पाण्याचा हिशेब हा घराच्या जमाखर्चाचाच भाग आहे. पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून. १९७६ मध्ये त्या धरणाचे लोकार्पण झाले. नाथसागराचा विस्तार पाहिला तर समुद्रकिनारी उभे असल्यासारखे वाटते. तरीही आमच्या नळांना रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी घरात कोणीतरी थांबते, टाक्या भरते आणि पुढच्या पाळीपर्यंत ते पुरविते. ही काळजी या गावाला नवी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने येथे, त्या वेळच्या खडकीत, नगर वसविले तेव्हा नहर-ए-अंबरीच्या भुयारी नळांतून डोंगराकडचे पाणी आणावे लागले.

जुन्या सवयीने मी कागद घेतला. सहा मॅट, दिवसातून दोनदा. धुणे आणि खळबळणे मिळून पंधरा लिटरांची एक बादली रोज. वर्षाचे ५,४७५ लिटर. म्हणजे पाच हजार लिटरांचा एक टँकर भरून थोडे वरच. तो कागद मी जेवताना वाचून दाखविला. आई म्हणाली, "पाण्यालाही जीव असतो, हे मी तुला शिकवायला हवे का? मुंग्या वाचवायच्या म्हणून पाण्याचा जीव घ्यायचा?" त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. सूनबाईने मॅट गोळा केल्या आणि त्या कपाटात ठेवल्या. तिचा चेहरा उतरला होता.

पुढच्या रविवारी आम्ही सर्व कचनेरला गेलो. शहरापासून तासाभराच्या अंतरावर चिंतामणी पार्श्वनाथांचे ते अतिशय क्षेत्र. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. एरवी मात्र फार शांतता असते. दर्शन झाल्यावर भोजनशाळेत बसलो. टेबले उघडी होती, कसलेही आच्छादन नाही. पंगत उठली की सेवेकरी लगेच फडके घेऊन येत, टेबल पुसत आणि मगच पुढची पंगत बसे. आई तेथे निवांत जेवली. तिने ताट धुऊन प्यायले, हात धुतला आणि पंगत पुन्हा बसताना पाहत राहिली. सूनबाई तिच्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "आजी, तुम्हाला मॅट नको होती असे नाही ना? मॅटखाली काय राहते ते दिसत नाही, ते नको होते." आईने तिचा हात हातात घेतला. दोन महिने जे मला समजले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. विणकरांचे शब्द मला तेव्हा आठवले. दस्तरखान पसरलेले ठेवीत नाहीत. दोष प्लास्टिकचा नव्हता, कापडाचाही नव्हता. आम्ही मॅट टेबलावर कायमच्या वस्तीला ठेवल्या होत्या, तेथे चूक होती.

घरी आलो तरी एक प्रश्न उरला. मॅट काढल्या तर पॉलिशचे काय? तेच पांढरे वर्तुळ घालविण्यासाठी सुताराला बोलाविले. त्याने बोट फिरवून सांगितले, "गरम भांड्याची वाफ पॉलिशमध्ये शिरली आहे. लाखदाणा पॉलिश उष्णतेला आणि पाण्याला टिकत नाही." मी विचारले, "लाखदाणा म्हणजे?" तो म्हणाला, "लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून लावतो."

मी खुर्चीवर बसलो. लाख झाडावरच्या किड्यांपासून मिळते. ती खरवडून काढताना असंख्य जीव जातात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत लाखेचा व्यापार गणला आहे, हे आपल्या व्यापारी घरांत लहानपणीच कानावर पडते. हिमरूच्या रेशमावर विणकरांसमोर तात्त्विक बोलून आलेला मी, सहा महिने लाखेवर ताट ठेवून जेवत होतो. आणि ती लाख जपण्यासाठीच मॅट आणल्या होत्या, ज्यांच्याखाली मुंग्या मेल्या. हिशेबाच्या वहीत एक रक्कम चुकली की पुढची प्रत्येक बाकी चुकते, तसे झाले होते.

सुताराला विचारले, दुसरे काय लावता येईल? तो म्हणाला, "जवसाचे तेल लावा. चमक येणार नाही, पण लाकूड जगेल. डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावायचे." मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघर असते, त्याचे तेल सागवानालाही पाजता येते हे मला नवे होते. त्याने पॉलिश पुरते घासून काढले, तेलाचे तीन पातळ हात दिले आणि प्रत्येक हातामागे जादा तेल पुसून दोन दिवस वाळू दिले. ज्यांना हे करावयाचे असेल त्यांना एक सावधगिरीची सूचना: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून एका ढिगात ठेवू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

पॉलिश निघाले तेव्हा आईच्या जागेसमोर लाकडात एक बुजविलेले भोक दिसले. आईने ते लगेच ओळखले. वाड्याच्या दाराची कडी तेथे होती. "सासूबाई रात्री ही कडी लावून मगच निजायच्या," ती सूनबाईला सांगू लागली. दोन माणसांचे ते बोलणे बराच वेळ चालले आणि मी मुद्दाम तेथून उठलो.

आता आमच्याकडे नियम असा आहे. गरम पातेली टेबलावर थेट ठेवावयाची नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या दोन अडण्या माळ्यावरून खाली आल्या आहेत. रोजच्या जेवणात ताटाखाली काही नाही. प्रत्येकाने उठण्यापूर्वी आपली जागा मुठीएवढ्या ओल्या फडक्याने पुसावयाची. त्याला तांब्याभर पाणीही लागत नाही. पाहुणे आले, सणवार असला की सूनबाईच्या बदामी मॅट निघतात. ताटाबरोबर त्याही उचलल्या जातात, झटकल्या जातात आणि त्याच दिवशी धुतल्या जातात. वर्षातून पंधरा-वीस वेळा एवढे पाणी खर्च करण्यास आईची ना नाही. पाहुण्याचा मान हाही धर्मच आहे, असे ती म्हणते.

ज्या घरांत काचेची किंवा ग्रॅनाइटची टेबले आहेत, त्यांना पॉलिशची चिंता नाही. तेथे मॅट केवळ शोभेसाठी असतात. अशांनी आज रात्री निजण्यापूर्वी एक मॅट उचलून खाली पाहावे, एवढीच विनंती आहे.

परवा सायंकाळी सूर्य मावळण्यापूर्वी आई जेवत होती. ताट धुऊन प्याली, मग फडके घेऊन त्या कडीच्या भोकाभोवती हळूहळू पुसू लागली. सूनबाई पुढे झाली, तेव्हा आई म्हणाली, "असू दे. माझी जागा आहे." आणि पुसून झाल्यावरही ती बराच वेळ तेथेच बसून राहिली.