एकविसाव्या वेताळानंतर

2010 मध्ये अमेरिकेतल्या डायनामाइट प्रकाशनानं ‘द लास्ट फँटम’ या नावानं वेताळाची, म्हणजे कॉमिक्समधल्या फँटमची, मालिका पहिल्या अंकापासून नव्यानं सुरू केली. चाळीसगावात तिच्यावर तुटून पडणाऱ्यांत मी होतो, आणि आवाजही माझाच मोठा होता. आज ती मालिका मी माणसांना वाचायला देतो. अजूनही तिच्यातलं सगळं मला आवडत नाही. पण जुना वेताळ म्हणून मी ज्याची राखण करत होतो तो नेमका कोण होता, हे कळल्यावर माझं मत पहिल्यासारखं राहणं शक्य नव्हतं.

आमच्या पिढीला वेताळ ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं दिला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेनं मार्च 1964 मध्ये हे अंक सुरू केले आणि 1990 मध्ये थांबवले. आधी महिन्याला, मग पंधरवड्याला, पुढं आठवड्याला. चाळीसगाव मुंबई-भुसावळ मार्गावरचं जंक्शन, धुळ्याची गाडी इथूनच सुटते, म्हणून मुंबईत छापलेली गोष्ट आमच्या स्टेशनवरच्या स्टॉलवर लवकर पोचायची. ज्याच्या घरी अंक विकत यायचा त्याच्या ओट्यावर गल्ली जमायची. मँड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता, 1976 पासून आबिद सुरती यांचा बहादूरही आला. बहादूर तर आपल्याकडचाच, कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा. तरी अदलाबदलीत एका वेताळासाठी दोन मँड्रेक द्यावे लागत. अंक बंद झाल्यावर ज्यांनी ते जपले त्यांनी अक्षरशः ट्रंकेत जपले, कडुनिंबाचा पाला घालून.

अशा माणसांपुढं नवा वेताळ आला. नेहमीचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख नाही, उघड्या अंगाचा, रंग फासलेला. मुखपृष्ठं अॅलेक्स रॉस यांची, चित्रकार म्हणून फार मोठा माणूस, पण ते आम्हाला तेव्हा दिसलंच नाही. गोष्टीतला वेताळ, किट वॉकर, बापजाद्यांचा वारसा नाकारून चारचौघांसारखा संसार करतो, त्याच्या बायको-मुलाची हत्या होते, आणि मग तो रानाकडं वळतो. त्याच सुमाराला टीव्हीसाठी केलेल्या चित्रपटात बाविसावा वेताळ दाखवला होता, त्याच्या अंगावरून ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डीही गेली होती. आमच्यातला एक जुना वाचक, आम्ही त्याला आबा म्हणतो, चित्र बघून एवढंच म्हणाला, “हाऊ आपला वेताळ नही शे.” त्याच्या त्या वाक्यावर मी वर्षानुवर्षं उभा होतो. मूळ गोष्टीला हात लावायचा अधिकार कुणाला नाही, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, डीसीनं आपल्या 52 मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि सुपरमॅनची लाल चड्डी काढून टाकली. वाचकांनी जगभर आरडाओरडा केला. 2018 मध्ये, ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात, ती परत आली. मला तो आपलाच विजय वाटला होता.

मग वेताळाचे मूळ लेखक ली फॉक यांच्या वृत्तपत्रीय पट्ट्यांचे पुनर्मुद्रित खंड हाती आले. आपलंच म्हणणं पक्कं करावं या हेतूनं मी ते इंद्रजालच्या अंकांशेजारी ठेवून वाचायला बसलो. पहिल्याच बैठकीत अडखळलो. मूळ गोष्टीतला देश आधी बेंगाली, मग बंगाला. आमच्या अंकांत तो डेंकाली. मूळ गोष्टीत समुद्री चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची, आमच्याकडं ‘सिंगा’. वेताळाच्या वडिलांना मारणारा मूळचा रामा, आमच्याकडं रामालू. कारण उघड आहे: भारतीय वाचकाच्या हाती खुनी म्हणून रामा आणि चाचे म्हणून सिंग कोण देईल? ठरलेल्या पानांत गोष्ट बसवायची म्हणून चित्रंही गाळलेली, कापलेली. ज्या मांडणीची मी शपथ घेत होतो ती मुंबईतल्या एका कचेरीत, कात्री आणि डिंक घेऊन, आमच्यासाठी बेतलेली होती. आणि चांगली बेतलेली होती, हेही सांगायला हवं. ते काम करणाऱ्यांनी आमच्या मनाचा विचार केला होता. म्हणजे वेताळाची पहिली नवी मांडणी मी लहानपणीच डोक्यावर घेतली होती. ती नवी आहे हे तेवढं ठाऊक नव्हतं.

रंगाचंही तसंच. वेताळ जांभळा, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं वाटायचं. 17 फेब्रुवारी 1936 ला मालिका सुरू झाली तेव्हा तिला रंगच नव्हता. रोजची पट्टी काळी-पांढरी. फॉक यांच्या मनात पोशाख करडा होता. 1939 मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि छापखान्यानं तो जांभळा करून टाकला. स्वीडन-नॉर्वेत तो निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. तिथला प्रत्येक वाचक आपापल्या रंगासाठी तितक्याच तावातावानं भांडेल.

पण मला खरं हलवलं ते फॉक यांच्या स्वतःच्या वागण्यानं. हा माणूस 1936 पासून 1999 मध्ये मरेपर्यंत वेताळ लिहीत राहिला, आणि सगळ्यांत जास्त बदल त्यांनीच केले. सुरुवातीचा देश आशियातला वाटतो, पुढं तो आफ्रिकेत जाऊन स्थिरावला. वसाहती कोसळत होत्या त्या काळात फॉक यांनी आपल्या कल्पित देशाला स्वातंत्र्य दिलं आणि लामांडा लुआगा हा काळा डॉक्टर लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष म्हणून बसवला. गोऱ्या माणसानं रानातल्या काळ्या माणसांचं रक्षण करायचं, ही गोष्टीच्या मुळातली अडचण त्यांनाही जाणवली असावी असं मला वाटतं. लहानपणी ती मला कधी दिसली नव्हती. आता ती न बघता वाचता येत नाही. 1977 मध्ये त्यांनी वेताळाचं डायनाशी लग्न लावलं. चाळीस वर्षं ताटकळत ठेवलेलं ते लग्न. मग जुळी मुलं. डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी, आणि लग्नानंतरही तिची नोकरी सुटली नाही. चित्रकार तर बदलतच होते: आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, 1961 पासून साय बॅरी. मॅकॉयचा साधा, जरा बाळबोध वेताळ आणि बॅरीचा दगडातून कोरल्यासारखा वेताळ शेजारी ठेवले तर ही दोन वेगळी माणसं वाटतील. आम्ही दोघांनाही ‘आपला’ म्हणत आलो.

आणि मुळात ही गोष्टच वारशाची. 1536 मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक जण वडिलांना मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, त्याचा मुलगा ती पुढं चालवतो, त्याचा मुलगा पुढं, असे एकवीस. रानातली माणसं समजतात की हा एकच, न मरणारा. वाचकाला मात्र पहिल्यापासून ठाऊक असतं की मुखवट्याखाली दर वेळी नवा माणूस आहे. गुहेतल्या वह्यांत प्रत्येकानं आपल्या हातानं भर घातलेली. इतकं सगळं ठाऊक असून आम्ही त्या रानातल्या माणसांसारखं मागत होतो की एकविसाव्यावर थांबा.

आमच्या गावाला न हलणाऱ्या माणसाचं मोठं अप्रूप आहे. कलामहर्षी केकी मूस स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं राहिले, बाहेर पडले ते अगदी मोजक्या वेळा. 1989 मध्ये तिथंच गेले. त्या निष्ठेच्या गोष्टी सांगताना गावाचा आवाज हळवा होतो. पण त्यांचं कलादालन नीट बघा. छायाचित्रं, टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून उभे केलेले देखावे, शिल्पं, रेखाटनं. जागा एक धरली, आणि हात कधी एका जागी थांबू दिला नाही. निष्ठा म्हणजे काय हे मी तिथं नव्यानं बघितलं, आणि वेताळाच्या बाबतीत मला ते उपयोगी पडलं.

म्हणून आता नवी मांडणी आली की पोशाखाकडं मी शेवटी बघतो. शपथ शाबूत आहे का, हे आधी बघतो: चाचेगिरी, लोभ, क्रौर्य, अन्याय यांच्या विरुद्ध हा माणूस खरंच उभा राहतो का, की नुसता सूड घेत सुटतो? ‘द लास्ट फँटम’मधली माझी खरी तक्रार इथंच आहे. त्याला रानात परत आणायला बायको आणि मूल मारावं लागलं. डायनाला जपणाऱ्या फॉक यांनी ते केलं नसतं. उघडं अंग मी कधीच माफ केलं आहे, ते मरण नाही.

संतापणाऱ्या वाचकांची बाजू मात्र मी सोडलेली नाही. इंद्रजाल बंद पडल्यावर मराठी वेताळ टिकला तो या हट्टी माणसांच्या ट्रंकांत. प्रकाशकानं नाही टिकवला. डेंकालीचा एक अंक हरवला म्हणून जळगाव, धुळे, मालेगाव इथल्या रद्दीच्या दुकानांत हिंडणारा माणूस चिडणारच. त्याला ‘जुनाट’ म्हणून हसणारे नव्या मालिकाही दोन वर्षांत विसरतात. आबाचं मत अजून तेच आहे. मी मूळ पट्ट्यांचा खंड त्याच्याकडं नेला तेव्हा त्यानं रामा हे नाव वाचलं, पान मिटलं आणि म्हणाला की आपला रामालूच बरा. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. खंड त्याच्याकडंच ठेवलाय. लुआगा निवडून येतो ती गोष्ट त्यानं वाचावी म्हणून मी मागे लागलोय, आणि त्याच्याकडचे बहादूरचे जादा अंक मला हवेत.