विंचूरचं नाव

नाशिकहून येवल्याकडे जाताना निफाड मागे पडलं की विंचूर लागतं. डावीकडे लासलगावचा फाटा, टपऱ्या, कांद्याने भरलेले ट्रॅक्टर. बहुतेक गाड्या थांबत नाहीत. या गावाबद्दल मला फार दिवसांची हळहळ आहे. इथलं जे जे नावाजलं, ते बाहेर जाऊनच.

सरदार विठ्ठल शिवदेव मूळचे दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि घराणं विंचूरकर झालं. १७६१ साली पानिपतावरून जिवंत परतलेल्या सरदारांपैकी ते एक. पुढे विंचूरकरांचा पुण्यातला वाडा इतिहासात गेला. टिळक तिथे राहिले, १८९२ मध्ये विवेकानंद तिथेच उतरले. आजही विंचूरकर वाडा म्हटलं की सदाशिव पेठ आठवते, विंचूर नाही. कांद्याचंही तेच. लिलाव विंचुरातही होतो, पण हा लासलगावचा उपबाजार. भौगोलिक मानांकनही लासलगावच्याच कांद्याला.

मग द्राक्षं आली. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध. पारा फारच उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू करतात. नाहीतर मणी तडकतात. खायची थॉमसन लांबट, बिनबियांची, कुरकुरीत. वाइनच्या शिराझचा घड त्यापुढे गरीब दिसतो: मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. चावला की गोडीमागून तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. वाइनचा रंग आणि कस त्या सालीतच असतो.

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि विंचूरच्या माळावर वाइन पार्क उभं राहिलं. करारावर वाइनच्या बागा लागल्या. २००८ नंतर मंदीत मागणी घसरली, माल पडून राहिला, आणि कित्येकांनी त्या बागा उपटल्या. चार वर्षं जपलेली वेल उपटणं काय असतं, ते बागायतदारालाच विचारावं. टिकलेल्यांची वाइन आज ‘नाशिक व्हॅली’ या नावाने विकली जाते.

फ्रान्समधलं सेंट एमिलियाँ जेमतेम दोन हजार वस्तीचं, पण बाटलीवर त्याचं नाव असतं आणि त्या नावाला पैसे पडतात. विंचूरनेही जमीन दिली, थंडी सोसली, तोटा पचवला. इथल्या शिराझच्या बाटलीवर ‘विंचूर’ ही तीन अक्षरं ठळक छापलेली मला वाचायची आहेत.