किल्डेअर : लव्हाळ्यांची रात्र

३० जानेवारी, शुक्रवार
बस पाऊण तास उशिरा. तिकीट ९ युरो, सूप-पाव ८, मोजे ६. पाऊस. बूट आतपर्यंत भिजलेत. झोपते.

३१ जानेवारी, शनिवार
पुन्हा पाऊस. बूट ओलेच. सूप ८.

संध्याकाळी घरमालकीण आजींनी स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर लव्हाळ्यांची जुडी. ही कापायची नाहीत, मुठीत धरून उपटायची, हे त्यांनी आधी बजावलं. उद्या संत ब्रिजिडचा दिवस, त्यासाठी क्रूस विणायचा होता; इथली, आयर्लंडमधली, जुनी माणसं वसंत तिथूनच धरतात. एक काडी उभी धरली, दुसरी तिच्या कमरेला दुमडली, पाव वळण दिलं, मग तिसरी. प्रत्येक घडी अंगठ्याखाली दाबून ठेवायची. माझं दोनदा सुटलं. आजी बोलल्या नाहीत, नुसता आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला. मधला चौकोन भरत गेला, चार टोकं दोऱ्याने बांधली, क्रूस दारावर लागला. तो असला की घराला आग लागत नाही म्हणतात. गवती छपराखाली पिढ्या काढलेल्यांची ही समजूत मला जराही खुळी वाटत नाही.

झोपण्याआधी त्यांनी एक पांढरं फडकं कुंपणावर टाकलं. रात्री ब्रिजिड फिरते, जाता जाता त्याला हात लावते. मग ते वर्षभर डोकेदुखीला कपाळावर बांधायचं. अडलेल्या गाईच्या पाठीवरही टाकत. हे फडकं आजींच्या धाकट्या बहिणीसाठी आहे. ती तीन महिने अंथरुणाला खिळली आहे.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी फडकं ओलंचिंब. आजींनी पिळलं नाही, शेगडीजवळ पसरलं.

दुपारी ब्रिजिडच्या विहिरीवर गेले. काठच्या झाडाला चिंध्याच चिंध्या. चिंधी कुजत जाते तसं दुखणं ओसरतं, ही श्रद्धा. एक लहान मुलाचा मोजाही होता. त्याच्यासमोर फार वेळ उभी राहिले. १९९३ साली इथल्या बाजारचौकात ब्रिजिडच्या नावाची विझलेली ज्योत पुन्हा पेटवली. नंतर ती नन्सनी सांभाळली.

२ फेब्रुवारी, सोमवार
ब्रिजिडची सार्वजनिक सुट्टी, २०२३ पासूनची. पोस्ट बंद. आजी सकाळपासून अस्वस्थ. बहिणीचं गाव माझ्या वाटेवरच आहे म्हटल्यावर त्यांनी फडक्याची घडी घातली, कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. पिशवीत नको, म्हणाल्या. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. उद्या सकाळची पहिली बस.