तेलाचा डबा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्याकडे तेलाचा डबा येतो, आणि तो आणण्याचे काम माझ्याकडे असते. मला बाजारहाट जमत नाही, असे घरात सर्वानुमते ठरलेले आहे. पण डब्यात निवडण्यासारखे काही नसते, म्हणून तेवढे माझ्यावर सोपवलेले. मागच्या दिवाळीत मी तेही बिघडवून दाखवले.

नव्या जालन्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात त्या दिवशी दोन डबे शेजारी शेजारी होते. रंग एक, चित्र एक, आणि दोन्हींवर ठळक आकडा पंधरा. त्यांतला एक बराच स्वस्त होता. मी तोच उचलला, कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात घरी आलो आणि वाचवलेल्या पैशांचे वर्णन करू लागलो. सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "हलका वाटतो."

झाले! वजन कमी करा असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात एक काटा आहे. त्यावर मी आधी एकटा उभा राहिलो, मग डबा कवटाळून. वजाबाकी केली, तर पत्र्यासकटसुद्धा पंधरा किलो भरेना! तसाच परत फिरलो आणि भरल्या दुकानात म्हणालो, "शेटजी, दिवाळीच्या तोंडावर मापात पाप?"

शेटजी सत्तरीचे. ते काही बोलले नाहीत. त्यांनी डबा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवले. पंधराच्या पुढे 'लिटर' असे छापले होते, आणि खाली १३.६५० किलो. शेजारच्या महाग डब्यावर पंधरा किलो होते. "सर," ते हळूच म्हणाले, "पोरांचे पेपर असेच तपासता का?" गिऱ्हाइकांत आमच्या कॉलेजचा एक विद्यार्थी होता. मी 'असं होय' असे काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो.

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने एक शब्द वाचला नव्हता. खरे तर आपल्या भाषेने हा भेद केव्हाच केला आहे. धान्य आपण मापतो, सोने जोखतो, भाजी तोलतो. घोटाळा केला तो शेराने. धान्य मापायलाही शेर आणि गूळ तोलायलाही शेरच! १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली, १९६२ मध्ये जुनी वजने गेली, आणि किलो व लिटर अशी दोन निराळी नावे मिळाली. आम्ही मात्र दोघांना जुळे भाऊ समजून बसलो. त्याला कारणही आहे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस किलो ठरवला, तो लिटरभर पाण्याच्या वजनावरूनच. पण ही सोयरीक पाण्यापुरतीच. लिटरभर दूध किलोहून तीसेक ग्रॅम जास्त भरते, मध तर जवळजवळ एक किलो चारशे. तेल आणि पातळ तूप सुमारे ९१० ग्रॅमच. म्हणजे तेलाचा लिटर ९१ रुपयांना पडला, तर किलोचा भाव शंभर झाला, स्वस्त काही नाही.

त्यातही तेल तापले की फुगते. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशांवर ९१९ ग्रॅम भरतो, ६० अंशांवर ८९३च्या आसपास. गरम तेलाच्या मापाने कोणी गिऱ्हाइकाला फसवू नये, म्हणून २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना बजावले की, तपमानाचा उल्लेख काढा आणि मापाबरोबर वजनही छापा. सरकारने माझ्यासारख्यासाठीच ती ओळ छापवून घेतली होती, आणि मी ती वाचली नाही.

हे सारे मी रात्री पुस्तकातून शोधून आईला ऐकवले. ती चौथी शिकलेली. लक्ष्मीपूजनासाठी ती काचेचे पेले पुसत होती. आमच्याकडे पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगती वात, असे दिवे लावतात. तिने एका पेल्यात पाणी ओतले, वरून पळीभर तेल सोडले. "तेल वर राहतं ते हलकं म्हणूनच ना रे? मग एका मापात दोघांचं वजन सारखं कसं भरेल?" आणि थोडे थांबून म्हणाली, "ते जाऊ दे. चारचौघांत त्या म्हाताऱ्याला चोर म्हणालास. माफी मागितलीस का?"

मी गप्प बसलो.

"मोहन जास्त झालं तर पीठ वाढवता येतं. बोललेलं कशात मिसळणार?"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेलो. वहीपूजन नुकतेच झाले होते, दुकान माणसांनी भरलेले. जिभेला कोरड पडली; पण बोललो, आणि सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. शेटजींनी क्षणभर पाहिले. मग बत्ताशांच्या ताटात हात घातला आणि माझी ओंजळ भरली. ना तोलले, ना मापले.